टायरवरचा अंगठा

अंगठा टायरमध्ये अर्ध्या नखापर्यंत रुतला. बाजूचं रबर किंचित फुगलं आणि अंगठा उचलताच पुन्हा जागेवर आलं. नवऱ्याने समाधानाने मान हलवली.

"कडक आहे. झकास."

ती चहाचा कप घेऊन दारात उभी होती. टायर कडक नव्हता, हे तिला तिथूनही दिसत होतं.

उद्यापासून लेक सायकलने कामावर जाणार होती, म्हणून सुट्टीच्या सकाळी अंगणात शिकवणी चालली होती. लग्नानंतर अशीच तिची स्वतःचीही झाली होती. ती तेव्हा रुग्णालयात नवी नर्स होती आणि तो कापडाच्या दुकानात. कापड चिमटीत धरून, डोळे मिटून तो सांगायचा, यात सूत किती आणि भेसळ किती. "टायर माझ्या आईसारखा हवा," त्याने तिला बजावलं होतं. "कितीही दाबा, दबता कामा नये." सासूबाई आतच होत्या, हसू आवरताना तिला ठसका लागला होता. तेव्हापासून रोज संध्याकाळी तिची सायकल त्यानेच पाहायची, असा नेम पडला. पाळी संपवून परतताना चढावर चाकं हलकी धावायची आणि तिला वाटायचं, मागून कुणीतरी हात लावलाय.

मागच्या हिवाळ्यात त्याने वाफाळता पेला उघड्या तळहातांत कितीतरी वेळ धरून ठेवला, तेव्हा ती चपापली. रक्तातल्या वाढलेल्या साखरेने बोटांची जाण चालली होती. डॉक्टरांनी विचारलं, तर "कळतंय की सगळं" म्हणून तो मोकळा झाला. मग तिने रुग्णालयाच्या फाटकाशी, पहारेकऱ्याच्या खोलीत एक पंप ठेवला. टायर उतरला की तिथे गुपचूप हवा भरायची. संध्याकाळी तो अंगठा दाबून "कडक आहे" म्हणायचा आणि ते खरंच असायचं. त्याला सांगायचं मात्र आज नको, उद्या, असं करत राहून गेलं होतं.

"आता तू दाब," तो लेकीला म्हणाला. "टायर कसा हवा? तुझ्या आजीसारखा."

लेकीने दाबला. "आजी कुठली, बाबा? हा तर तुमच्यासारखा आहे. लगेच दबतो."

"तुझा हात नवा आहे अजून. हवा कमी असली तर खड्ड्यात ट्यूब चिमटते, शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. तुला तशी जाऊ देईन का मी?" तो चाकाशी उकिडवा बसला. "आता हे बघ. काचबीच रुतलीय का, ते रोज बोटं फिरवून बघायचं. हळूच. बोटांना आपोआप कळतं."

चाक सावकाश फिरू लागलं. त्याची बोटं रबरावरून गेली आणि त्यांच्यामागे एक ओली लाल रेघ उमटत गेली.

"बाबा, थांबा. रक्त येतंय."

"कुठे?" असं म्हणून तो टायरकडे निरखून पाहू लागला.

कप पायरीवर ठेवून ती खाली आली. त्याचा हात तिने नळाखाली धरला. काचेचा बारीक तुकडा निघाला. लेक पट्टी आणायला आत गेली.

"तुला माहीत होतं," तो हलक्या आवाजात म्हणाला.

"हिवाळ्यापासून."

"मग तुझ्या सायकलची हवा?"

"फाटकाशी भरते. पंप ठेवलाय तिथे."

भिंतीला टेकलेल्या तिच्या जुन्या सायकलकडे तो बघत राहिला. "म्हणजे इतके दिवस मी नुसताच अंगठा लावत होतो. अंगठेबहाद्दर."

तिला हसू आलं नाही. त्यालाही नाही. लेकीने आणून दिलेली पट्टी तिने त्याच्या बोटाला नीट गुंडाळली आणि टोक दाबून धरलं.

"अहो, डॉक्टरांपुढे आता खरं बोलायचं," ती म्हणाली. "आणि आजपासून दोन्ही सायकलींचे टायर मी दाबून बघणार. पंप तुम्ही मारायचा. मी थांबा म्हणेपर्यंत."