काळ्याभोर पिसांचं घराणं

मित्रांनो, मी एक म्हातारी कोंबडी आहे. मानेपासून शेपटीपर्यंत काळीभोर. याच रंगावर आमच्या मालकांचा जीव. पाहुणा आला की मला काखेत धरून ते छाती फुगवून सांगत, "आमच्या खुराड्यात बाहेरचं रक्त नाही!"

रंग टिकावा म्हणून कोंबडा कायम घरचाच. आधी माझे वडील, मग माझा भाऊ, मग माझाच मुलगा. तरुणपणी मी पंधरा अंडी उबवली, तेव्हा चौदा पिल्लं निघाली होती. पुढे नऊ निघाली, मग चार. बाकीची कवचातच मेली. जी बाहेर येत, त्यांत कुणाचे पाय फाकलेले, कुणाची चोच वाकडी. मालक तसली पिल्लं बादलीत बुडवत आणि हात पुसत म्हणत, "कोंबडीच कुचकामी!" अंडी कमी दिली म्हणून माझ्या तीन बहिणी कापल्या गेल्या.

आम्हाला दाणे टाकणाऱ्या सूनबाई एकदा धीर करून म्हणाल्या, "मामंजी, कोंबड्यांचा काय दोष? पिढ्यान्‌पिढ्या सगळं एकाच घरातलं. शेजारच्या शिंपीणबाईंचा कोंबडा आणू या का?"

"तो करडा? पुन्हा विषय काढलास तर बघ!"

सूनबाईंनी शिंपीणबाईंकडची दहा अंडी गुपचूप माझ्या पोटाखाली सरकवली. एकविसाव्या दिवशी दहाच्या दहा फुटली. मी साद घातली की सगळी धावत येत. ती माझी नव्हती, हे मला कळत होतं. पण पंखाखाली शिरलेल्याला कोण विचारतं?

दोन दिवस सूनबाईंनी पिल्लांसकट मला एका मोठ्या टोपलीत झाकून ठेवलं. तिसऱ्या दिवशी मालकांनी ती उघडली. सूनबाईंना समोर उभं करून ते एकेकाची मान पिरगाळू लागले.

"मामंजी, जगणारी आहेत हो ती!"

"जगतील. काळी होतील का?"

मी त्यांच्या हाताला कडकडून चोच मारली. त्यांनी मला लाथेने भिंतीवर उडवलं. तेव्हापासून माझा डावा पंख उचलत नाही.

मित्रांनो, कोंबड्या पाळाल तर दर दोन-तीन वर्षांनी परक्या घरचा कोंबडा आणा. रंग बिघडला तर बिघडू द्या.

यंदा मालकांनी माझा धाकटा नातू कोंबडा म्हणून ठेवलाय. रंग अगदी मनासारखा, चोच मात्र वाकडी. कधी इकडे आलात, तर त्याचे दाणे खोल भांड्यात ठेवा. जमिनीवरचे त्याला उचलता येत नाहीत.