कारणाचा रकाना

आमच्या मोंटानातल्या गावच्या नेमबाजी क्लबात शिरायला जुन्या सभासदाची शिफारस लागते. माझा धाकटा भाऊ ऑरिन क्लबचा अध्यक्ष, म्हणून मी अर्ज घेऊन त्याच्याच स्वयंपाकघरात गेले.

"तू?" तो हसला. "बंदुका बंद करा म्हणून सरकारला पत्रं लिहिणारी मास्तरीणबाई?"

"तेवीस पत्रं."

"मोजलीस. तू मोजणारच."

मी चौतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. दोन नोंदी जुळल्या नाहीत की आधी उपकरण तपासायचं, हे मुलांना सांगत आले. या वेळी उपकरण मीच होते. माझी मुलगी ग्रेटा शहरात राहते. गेल्या महिन्यात तोंड झाकलेल्या सरकारी माणसांनी तिच्या शेजाऱ्याचं दार फोडलं. घर चुकलं होतं. बंदूक मला आजही आवडत नाही. पण ती फक्त त्यांच्याच हातात असावी, हे आता म्हणवत नव्हतं.

"लपवण्यासारखं काही नसेल, तर सरकारला भ्यायचं कशाला?" ऑरिन म्हणाला.

"हे वाक्य माझं आहे. चौऱ्याण्णव साली, सरकारकडे बंदुकांची नोंद नको म्हणालास तेव्हा, आईच्या टेबलावर तुला ऐकवलं होतं. तू ताट सोडून उठला होतास."

तो कॉफी ढवळत राहिला. साखर कधीच विरघळली होती.

"बरं. पण तुला बंदूक हवी कशाला?"

"अर्जात कारणाचा रकाना नाही."

"नाहीच. मीच काढायला लावला होता." स्वतःचंच बोलणं ऐकून त्याने चमचा खाली ठेवला.

मग उठून त्याने बाबांची रायफल आणली, गोळीची जागा उघडायला बोल्ट मागे ओढला, आत पाहिलं. "रिकामी आहे. धर."

मी हात पुढे केला. त्याने सोडली नाही.

"मी सांगितलं म्हणून घेतेस? स्वतः बघ. बाबांनीसुद्धा कधी माझ्या शब्दावर घेतली नाही."

गोळीच्या जागी मी करंगळी घातली. लोखंड गार होतं.

"रिकामी."

"हां. भाऊ असो नाहीतर सरकार, आधी बघायचं," तो पुटपुटला. हे कोणाला म्हणाला, मी विचारलं नाही. त्याने चष्मा लावला, अर्ज ओढून घेतला. पेन सहीच्या रेघेवर थांबलं.

"ग्रेटा बरी आहे ना?"

"हे कारण विचारणं झालं."

"अध्यक्ष विचारत नाहीये. मामा विचारतोय."

"झोप लागत नाही तिला," मी म्हणाले.

त्याने सही केली.