गुरुवारची शांतता

टेरीनाने आपली खुर्ची उचलून फर्गसच्या समोर नाही, शेजारी ठेवली आणि सरळच विचारलं, "रात्री झोप लागते का?"

"नाही," फर्गस म्हणाला. "आई गेल्यापासून मी तिच्या खोलीबाहेर जमिनीवर झोपतो."

मागे भिंतीशी उभ्या असलेल्या इव्हॉनच्या हातातला चीज रोल तसाच राहिला. स्वमग्न प्रौढांबरोबर काम करणारी डनीडन शहरातली ती सगळ्यात जुनी समुपदेशक. आजचं हे प्रशिक्षण तिचंच, आणि नवशिक्यांना सराव व्हावा म्हणून आपल्या फर्गसला बोलावलं होतं तेही तिनेच. कित्येक वर्षं तो दर गुरुवारी तिच्याकडे येऊन गप्प बसायचा. तो आपणहून बोलेल म्हणून तीही गप्प राहायची. तिला तसंच शिकवलं होतं. आणि ही कालची पोर त्याला चुटकीसरशी बोलतं करून बसली! इव्हॉनच्या पोटात दुखलं, खोटं कशाला बोला.

फर्गस आता आईच्या सपातांबद्दल सांगत होता. त्या दाराशी ठेवलेल्या असतात, तो त्या ओलांडत नाही. मध्येच ती दोघं कशावर तरी हसलीसुद्धा.

सराव संपताच इव्हॉन पुढे आली. माणसावर असा प्रश्नांचा मारा करायचा नसतो, त्याला वेळ द्यायचा असतो, असं तिने टेरीनाला सगळ्यांदेखत सुनावलं. टेरीनाचा चेहरा उतरला तेव्हा तिला बरं वाटलं. मग ती फर्गसकडे वळली.

"हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"मी वाट बघत होते, फर्गस."

"वाट?" तो विचारात पडला. "मला वाटलं, तुम्ही दमलेल्या असता. दिवसभर लोकांचं ऐकून ऐकून. म्हणून तर मी गुरुवारी यायचो. न बोलणारं कुणीतरी हवं ना तुम्हाला."

इव्हॉन जवळची खुर्ची ओढून बसली.

तिला आता शांतता हवी आहे, हे फर्गसने बरोबर ओळखलं. त्याने दिवे मालवले, बाहेर चहा आहे असं सांगून एकेकाला खोलीबाहेर काढलं. टेरीनालाही काढलं. इव्हॉनला त्याचंही जरा बरं वाटलं आणि मग लाज वाटली. फर्गस परत येऊन दर गुरुवारसारखा तिच्यासमोर बसला, गप्प.

बऱ्याच वेळाने ती उठली आणि तिने आपली खुर्ची त्याच्या शेजारी नेऊन ठेवली.

"फर्गस, त्या सपातांचा रंग कुठला?"