हॉल घुमतो काऊन

लग्न तोंडावर आलं असताना धाकटी सून सकाळपासून हॉलात फुगे फोडत बसते, याला काय म्हणावं? कुसुमबाईंनी हे थोरल्या पोराला, भैय्याजीला, ऐकवलं. मग गोठ्यातल्या गाईलाही. काजल वर्ध्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते, कबूल. पण लग्नघरात ही फटफट?

सेलूच्या रस्त्यावरचा हा हॉल कुसुमबाईंच्या मालकानं बांधलेला. दसऱ्याआधी भैय्याजीच्या पोरीचा, शालूचा, साखरपुडा तिथंच झाला आणि एकेक शब्द भिंतींवर आपटून असा घुमला की शालूच्या होणाऱ्या सासूनं कुसुमबाईंना पुन्हा पुन्हा "काय म्हणता?" विचारलं, अन् शेवटी ती नुसती हसली. ते हसू कुसुमबाईंना अजून सलत होतं. भैय्याजी म्हणाला, लग्न वर्ध्याच्या लॉनवर करू. कुसुमबाई म्हणाल्या, मी जिती असेतोवर नाही. काजल मध्ये पडली: आधी मोजू, मग ठरवू.

म्हणून प्लास्टिकच्या खुर्चीवर लॅपटॉप, स्टँडवर माईक. फुगा फुटला की त्याचा आवाज विरायला किती वेळ लागतो ते सॉफ्टवेअर रेघेनं दाखवणार होतं. पहिल्या दिवशी रेघ नुसती थरथरत राहिली. स्टँडवरचा माईक निवडायचाच राहिला होता; सॉफ्टवेअर लॅपटॉपच्याच कानानं त्याचा स्वतःचा पंखा ऐकत होतं. कुसुमबाई दारात यायच्या, बघायच्या, आत जायच्या, पुन्हा यायच्या. स्वतःसाठी केलेला चहा चुलीवरच निवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माईक नीट निवडला, तशी रेघ झरकन खाली आली; आवाज लगेच विरत होता. काजल खुशीत म्हणाली, हॉल उत्तम आहे, साखरपुड्याला माईकवाल्याचंच चुकलं असेल. कुसुमबाईंना तरी ते पटेना.

दुपारी हॉल रिकामा करायला ट्रॅक्टर आला. दसऱ्यानंतरच्या वेचणीपासून कापूस तिथंच रचलेला, पार खिडक्या बुजेपर्यंत. या दिवसांत गावात ज्याच्याकडे जागा त्याच्याकडे कापूस; तो कोणाच्या नजरेत भरत नाही. शेवटची ट्रॉली फाटकाकडे निघाली तशा कुसुमबाई गडी कवडूवर खेकसल्या, कोपरा नीट झाड म्हणून. चारही भिंतींनी तो 'कोपरा' त्यांना परत ऐकवला.

त्यांनी काजलला हाक मारली. काजलनं फुगा फोडला. रेघ उतरता उतरेना. तिनं रिकाम्या भिंतींकडे पाहिलं.

"आई, मी कापसासकट मोजलं. कापूस आवाज गिळतो."

भैय्याजीनं लॉनवाल्याला फोन लावायला मोबाइल काढला. कुसुमबाईंनी तो हातातून घेतला आणि फाटकातली ट्रॉली मागे फिरवली. कापूस बोऱ्यांत भरून भिंतींना लावला, वरून जुन्या साड्या सोडल्या. काजलनं पुन्हा मोजलं. सकाळच्याइतकी नाही, पण रेघ बऱ्यापैकी लवकर उतरली.

कुसुमबाईंचा रेघेवर विश्वास नव्हता. काजलला त्यांनी दारात उभं केलं, आपण स्टेजवर चढल्या आणि आवाज न चढवता बोलल्या,

"काजल, तुही मशीन खोटी नाई. तू हॉलात काय हाये ते पाह्यल्याबिगर मोजलं. म्या बी पाह्यलं नाई, म्हून तुले एकटीले बोल लावत नाई. लगन इथंच होईन. शालूच्या सासूले पह्यल्या रांगेत बसवजो. ती हसली तं मले साफ आयकू आलं पाह्यजे."