पिवळा डाग

मी एक जुना खण आहे. टेबलाचा नाही आणि कपाटाचाही नाही. मी कार्डांचा खण आहे. लांबीला हातभर, रुंदीला वीतभर आणि नाकावर पितळेची मूठ. पोटातून एक लोखंडी सळई आरपार जाते. कार्डांना खाली भोक असतं, ती त्या सळईत ओवलेली असतात, म्हणून कुणी कितीही खुडबुड केली तरी जागा सोडत नाहीत. मित्रांनो, तुमच्यापैकी निम्म्यांनी माझ्यासारखा खण कधी पाहिलाही नसेल. हरकत नाही, मी सांगतो ना!

मला एका सुताराने सागवानात घडवलं. आम्ही साठ भावंडं होतो, सगळी एका उंच कपाटात. शाळेच्या ग्रंथालयात आमचा थाट काय विचारता! ज्याला पुस्तक हवं त्याने आधी आमच्यापुढे वाकायचं. माझ्यात 'प' ते 'फ' होतं. ग्रंथपाल माझी मूठ ओढायचे तेव्हा मी असा सुळ्ळकन बाहेर यायचो की बस्स.

मग संगणक आला. साठ भावंडांपैकी एकोणसाठ भंगारात गेली. मी का वाचलो? भंगारवाला कपाट उचलत असताना भाषेच्या बाई तिथून जात होत्या. त्या थांबल्या, मला ओढून बाहेर काढलं, उलटसुलट केलं आणि म्हणाल्या, "हा मला द्या. याच्यात मुलं ठेवायची आहेत."

ग्रंथपाल हसले. "बाई, मुलं मावतील का एवढ्यात?"

"मावतील की. घडी घालून ठेवीन."

बाई तशाच होत्या. उंचीला कमी, आवाजाला जास्त. त्यांनी माझ्या जुन्या कार्डांच्या कोऱ्या पाठीवर एकेक काम लिहिलं. 'आज सकाळी ऐकलेल्या पहिल्या आवाजाबद्दल लिहा.' 'हरवलेल्या मोज्याने घरी पाठवलेलं पत्र लिहा.' 'राग या शब्दाशिवाय राग लिहा.' दर सोमवारी शेवटच्या दोन तासांना बाई सळई ओढून काढायच्या, मग मुलांनी डोळे मिटून एक कार्ड काढायचं आणि कार्डाएवढ्याच कागदावर कविता लिहायची. बाई त्यावर हिरव्या शाईने शेरा द्यायच्या, कागदाला भोक पाडायच्या आणि त्या कार्डाच्या मागे सळईत ओवून टाकायच्या. कागदावर नाव लिहायचं नाही. अशा मी अकरा वर्षांच्या कविता पोटात घेतल्या. आधी नुसता पुस्तकांचा पत्ता सांगायचो, आता माझ्या आत मोजे पत्रं लिहीत होते. सांगा, बढती म्हणायची की नाही?

आमच्या वर्गाचा एक नियम होता. तो बाईंनी फळ्याच्या वर जाड अक्षरात लिहून लावला होता : 'कवितेतला मी कोण, हे कुणी कुणाला विचारायचं नाही.' त्यामागे कारण होतं. पहिल्याच वर्षी एका मुलाने अंथरूण ओलं होण्यावर कविता लिहिली आणि मधल्या सुट्टीत पोरांनी त्याला इतकं छळलं, की त्याने ती माझ्यातून उपटून फाडून टाकली. बाईंनी दुसऱ्या दिवशी हा नियम केला. तेव्हापासून मुलं न भिता लिहू लागली. मलाही तो नियम फार आवडायचा. आता आठवला की माझं लाकूड आक्रसतं.

त्या वर्षी वर्गात एक मुलगी आली. उंच, बारीक, केस वर घट्ट बांधलेले. 'रेडिओ' नावाची एक मुलगी होती, जिचं तोंड फक्त घास खाताना बंद असायचं (तेही नेहमी नाही). तिने पहिल्याच दिवशी नवीन मुलीचं बारसं केलं. "अगं, तू तर पेन्सिल दिसतेस! टोक काढून आणलंय का घरून?"

सगळे हसले. पेन्सिलही हसली. तिला ते नाव चिकटलं.

पेन्सिलच्या घरी बाबा आणि पाच वर्षांची धाकटी बहीण. आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. एवढंच वर्गाला माहीत होतं, आणि एवढ्यावरच सगळे थांबले होते.

पहिल्या सोमवारी तिच्या हाती कार्ड आलं : 'घरातल्या दाराबद्दल लिहा. दार हा शब्द वापरायचा नाही.' तिने लिहिलं :

त्याला कडी बाहेरून आहे.
आत मी आणि धाकटी.
आम्ही आतून ठोकतो,
ते बाहेरून गप्प बसतं.

बाईंनी हिरव्या शाईत लिहिलं, 'वस्तूला माणूस केलंस! शाब्बास.'

पुढच्या सोमवारी कार्ड निघालं 'हात'. पेन्सिलने दोनच ओळी लिहिल्या. 'बाबांचा हात घरी आधी येतो. बाबा नंतर येतात.' बाईंनी ती वाचून खडू उचलला आणि दोन्ही ओळी फळ्यावर उतरवल्या. "बघा रे, थोडक्यात किती सांगता येतं! याला म्हणतात नेमकेपणा." मुलांनी त्या ओळी वहीत लिहून घेतल्या. पेन्सिल फळ्याकडे बघत बसली. स्वतःचंच अक्षर दुसऱ्याच्या हातात गेल्यावर माणूस बघतं तशी.

मित्रांनो, मी तिच्या समोरच टेबलावर होतो. तिच्या मनगटावरचे निळे वळ मला दिसत होते. पण मला तरी काय कळलं? अकरा वर्षं कविता खाऊन खाऊन मीही तसाच झालो होतो. मलाही वाटलं, वा, काय ओळ आहे!

तिसऱ्या सोमवारी कार्ड आलं : 'शरीराचा एक भाग निवडा. तिथे कोण राहतं ते सांगा.' पेन्सिलने फार वेळ लावला. घंटा झाली तरी लिहीत होती. मग तिने कागद दिला.

धाकटीच्या कानात एक शिट्टी राहायला आली आहे.
ती झोपत नाही, झोपू देत नाही.
सकाळी उशीवर पिवळा डाग ठेवते
आणि पुन्हा आत जाऊन बसते.
धाकटी म्हणते, ताई, तिला बाहेर बोलाव.
मी त्या कानात हाका मारते,
पण धाकटीला ऐकू येत नाही.

बाईंनी ती दोनदा वाचली. त्यांचे डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू. त्यांनी पेन्सिलला जवळ बोलावलं. "शिट्टी राहायला येते! कुठून सुचतं गं तुला? फक्त हा 'पिवळा डाग' जरा खटकतो. एवढ्या हळव्या कवितेत एकदम ओबडधोबड वाटतो. त्याच्या जागी दुसरं काही सुचतंय का बघ."

पेन्सिलने विचारलं, "दुसरं म्हणजे काय, बाई?"

"काहीतरी सुंदर. तूच शोध."

ती मान हलवून जागेवर गेली. दुसऱ्या दिवशी कविता बदलून आणली. आता त्यात लिहिलं होतं, 'सकाळी उशीवर पिवळं फूल ठेवते.' बाई खूश झाल्या. ही सुधारलेली कविता रंगीत कागदावर लिहून सूचनाफलकावर लागली. पहिला कागद, हिरव्या शाईच्या सूचनेसकट, माझ्या पोटात गेला.

शाळेच्या सभेत पेन्सिलला ती कविता वाचायला लावली. माझ्यासारख्या वर्गात पडून असलेल्या खणालाही टाळ्या ऐकू आल्या. परत आल्यावर रेडिओ ओरडली, "ए पेन्सिल, तू तर फेमस! आता आम्हाला ओळख देशील ना?"

"देईन की," पेन्सिल म्हणाली. "तुझी बडबड ऐकायला कान हवेत मात्र."

सगळे हसले. तीही हसली. त्या दिवशी वर्ग रिकामा झाला तरी ती गेली नाही. माझी कार्डं उगाच सारखी करत राहिली. बाई वह्या आवरत होत्या.

"अगं, जा ना घरी."

"बाई, त्या कवितेबद्दल अजून काही विचारायचंय का तुम्हाला?"

बाई हसल्या. "नाही गं बाळा. कविता अगदी पूर्ण झालीय."

पेन्सिलने हातातलं कार्ड सोडलं. मग दप्तर उचलून गेली.

त्यानंतर दोन आठवड्यांनी मी पडलो. मुद्दाम नाही. लाकडाला तेवढी अक्कल असती तर आधीच पडलो असतो. मुलं मैदानावर खेळायला गेली होती, सफाईच्या काकू टेबल सरकवून झाडत होत्या, माझा कोपरा अडकला आणि मी जमिनीवर आपटलो. सळई निसटली आणि सगळी कार्डं, कविता फरशीभर झाल्या.

"अगं आई गं! आता बाई माझंच आत्मवृत्त लिहून घेतील," काकू पुटपुटल्या आणि खाली बसून गोळा करू लागल्या. काकू शिकल्या होत्या चौथीपर्यंत. वाचताना एकेका अक्षरावर बोट ठेवायच्या. कुठलं कुठे जातं ते बघायला त्या वाचत होत्या. मोज्याचं पत्र वाचून त्यांना हसू आलं. मग एका कागदावर बोट थांबलं. पुन्हा पहिल्यापासून फिरलं. आणि त्या केरसुणी तिथेच टाकून बाईंना घेऊन आल्या.

"बाई, ही पोर कुणाची?"

बाईंनी कागद बघितला. "काकू, ती कविता आहे. वाचलीत? छान आहे ना?"

"असेल कविता. कान फुटलाय तिचा."

"अहो, ते तसं नसतं. कवितेत शिट्टी म्हणजे..."

"शिट्टी म्हणजे शिट्टी," काकू म्हणाल्या. "माझ्या भावाला मास्तरांनी कानाखाली मारली होती, तेव्हा तोही असंच म्हणायचा. कानात शिट्टी वाजते, आणि उशीला पिवळं लागतं. पू असतो तो, बाई. आणि हे हिरव्याने कुणी लिहिलंय, खटकतं म्हणून?"

 बाई फरशीवरच बसल्या.  त्यांनी त्या पसाऱ्यातून पेन्सिलच्या अक्षरातल्या कविता शोधल्या. एकूण पाच निघाल्या. त्या त्यांनी फरशीवर ओळीने मांडल्या आणि काकूंसारखं एकेका शब्दावर बोट ठेवून वाचल्या. कडी बाहेरून. हात आधी. कान. पाच कविता नव्हत्याच त्या. पाच वेळा मारलेली हाक होती.

पेन्सिलला बोलावून आणलं. बाईंनी फळ्याच्या वर लिहिलेला स्वतःचा नियम मोडला. "हे खरं आहे?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस मला?"

पेन्सिल गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिली. तिला खरंच प्रश्न कळला नव्हता. "लिहिलं होतं ना, बाई. दर सोमवारी."

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही, कारण मी वर्गाबाहेर कधी गेलो नाही. काकूंनी नंतर रेडिओला सांगितलं, तेव्हा ऐकलं. बाई आणि काकू त्याच पावली पेन्सिलच्या घरी गेल्या. कडी बाहेरूनच होती. धाकटीला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन आठवडे आधी आणलं असतं तर कान वाचला असता. आता उजव्या कानाने तिला ऐकू येणार नाही. बाबांना पोलीस घेऊन गेले. दोघी बहिणींना न्यायला दुसऱ्या गावाहून मावशी आली.

हे ऐकताना रेडिओ गप्प होती. तोंडात घास नसतानाही.

शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला पेन्सिल आली, तेव्हा धाकटी तिच्याबरोबर होती. इवलीशी, कापूस दिसू नये म्हणून दोन्ही कानांवरून रुमाल बांधलेली. पेन्सिल टेबलाशी आली. "बाई, माझ्या कविता नेऊ का? मावशी विचारते काय काय झालं. मला तोंडाने सांगता येत नाही. वाचायला दिल्या की कळेल तिला."

बाईंनी माझी सळई काढली आणि पाचही कागद तिला दिले. 'पिवळं फूल' लिहिलेला रंगीत कागदही फलकावरून काढून आणला. पेन्सिलने तो तेवढा परत केला. "हा नको, बाई. हा खरा नाही."

मग बाई धाकटीपुढे गुडघ्यांवर बसल्या. तिच्या कानाजवळ वाकून हळूच म्हणाल्या, "बाळा, माझं चुकलं. मला माफ कर."

धाकटी समोर बघत राहिली. तिचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. बाईंना वाटलं, रागावली असेल. त्या तशाच खाली मान घालून बसून राहिल्या.

"बाई," पेन्सिल म्हणाली, "त्या बाजूने तिला ऐकू येत नाही. या बाजूला या."

बाई उठल्या, दुसऱ्या बाजूला जाऊन बसल्या आणि तेच शब्द पुन्हा म्हणाल्या.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तरी चालेल, माझी मूठ निघाली तरी मी तक्रार करणार नाही. सोमवारचे तास अजून होतात आणि मुलं अजून माझ्यातून कार्डं काढतात. फळ्याच्या वर मात्र आता काही लिहिलेलं नाही. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या शेजारच्या बाकावरच्या मुलीने कविता वाचली आणि ती आवडली, तर टाळ्या वाजवा, अगदी हात लाल होईपर्यंत वाजवा. पण टाळ्या थांबल्या की तिच्याजवळ जा आणि विचारा, "अगं, हे खरं आहे का?" ती नाही म्हणाली तर दोघं मिळून हसा. आणि हो म्हणाली, तर तिचा एक शब्दही बदलायला सांगू नका. तो कागद तसाच उचला आणि तिचा हात धरून, जो मोठा माणूस पहिला भेटेल त्याच्याकडे पळत जा.