मोहिनीच्या नावाचे कुर्ते

वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेत पिठाच्या गिरणीच्या वरच्या माळ्यावर मोहिनीचा कपड्यांचा कारखाना होता. कारखाना हा तिचा शब्द. घरमालक 'मशिनीवाली खोली' म्हणत. सहा शिलाई मशिनी, कापडाचे काठ गुंफायचं एक ओव्हरलॉक, कापायला लांब टेबल आणि शिवायला पाच बाया. सगळ्यांत जुनी लीलाबाई. तिच्या हातची कॉलर एकदा बसली की बसली.

सुती कुर्ते शिवायचे एवढंच मोहिनीनं ठरवलं होतं, पण त्यातच सगळी गोम होती. कापूस जिकडेतिकडे, हिंगणघाटच्या रस्त्यावर हंगामात गाड्यांमागे गाड्या. कापड मात्र परमुलखातून मागवायचं. कापडाचे व्यापारी आधी विचारत, किती थान? तिनं आकडा सांगितला की बोलण्यातला उत्साहच जाई. मोठ्या गिऱ्हाइकांचं उरकल्यावर हिचा माल निघायचा. काज करायची मशीन बिघडली की नागपूरहून मिस्त्री येईपर्यंत लीलाबाई हातानं काजं करी.

तिचे कुर्ते नागपूरचा देवेंद्र त्याच्या मोठ्या दुकानात ठेवी. दोन वर्षं त्यानं माल नेला, कुरकुर केली नाही. मोहिनीचा मशीनवर बसलेला फोटोही त्यानं मागून घेतला होता. प्रत्येक कुर्त्याच्या मानेशी लहानसं लेबल असे : 'मोहिनी, बोरगाव मेघे, वर्धा'.

यंदा दिवाळीसाठी त्यानं चारशे कुर्ते सांगितले. कापड तीन आठवडे उशिरा आलं. दोनशेच होतील, हे मोहिनीनं त्याला आधीच सांगून टाकलं. तो रागावला नाही. बाकीची सोय मी लावतो म्हणाला.

आठ दिवसांनी दुपारी टेंपोतून चार गठ्ठे आले. मोहिनीला वाटलं, त्यानंच कापड मिळवून दिलं. लीलाबाईनं सुतळी कापली तर आत तयार कुर्ते. कुठल्याशा दूरच्या कारखान्यातले, तिथलं लेबल लागलेले. सोबत चिठ्ठी होती : जुनं लेबल काढून आपलं लावावं, कापडाच्या टंचाईची चिंता करू नये.

बायांना कामात वावगं काही दिसलं नाही. बसल्या जागी उसवायचं आणि चार टाके घालायचे. मोहिनीनं एक कुर्ता उलटा केला. काठाला ओव्हरलॉक नाही, बगलेत शिवणीबाहेर सोडलेली माया जेमतेम धाग्याएवढी. जरा ताणला तर शिवण उकलली. तिनं एक धागा ओढून काडी लावली. सुताची राख व्हायला हवी होती. तो वितळून मणी झाला, म्हणजे कापड सुती नव्हतंच.

तिनं देवेंद्रला फोन लावला.

"ताई, सगळेच करून राह्यले," तो शांतपणे म्हणाला. "गिऱ्हाईक नाव पाह्यते, शिवण कोण पाह्यते?"

"माह्यं नाव हाय ते."

"म्हणून तर विकते ना. तुमचाच फायदा हाय."

टेंपोवाला खाली चहा पीत होता. मोहिनीनं गठ्ठे पुन्हा बांधायला लावले, टेंपोत चढवले आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली. लीलाबाई खिडकीतून जेवून तरी जा म्हणत होती. तिनं ऐकलं नाही. नागपूर येईपर्यंत तिच्या डोक्यात नुसती आग होती.

गठ्ठे दाराशी उतरवायला सांगून ती दुकानात शिरली, तर समोरच्या भिंतीवर तिला स्वतःचा दाराएवढा फोटो दिसला. 'वर्ध्याच्या मातीतलं, बायांच्या हातचं' असं खाली लिहिलेलं. त्याखाली तेच उकलणारे कुर्ते टांगलेले, मानेशी तिच्या नावाचं लेबल. लेबलंही त्यानं परस्पर छापून घेतली होती. म्हणजे हे आजचं नव्हतं.

एक वयस्क बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या दिसत होत्या, फोटोकडे आणि मोहिनीकडे आळीपाळीनं पाहू लागल्या.

"तुम्हीच ना त्या? मी तुमचेच कुर्ते नेते हो," त्या म्हणाल्या, आणि मग संकोचत, "पण गेल्या वेळचा दुसऱ्याच धुण्यात उसवला."

मोहिनीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्या बाईंनी ओरडून भांडण काढलं असतं तरी तिला एवढं लागलं नसतं.

"तो मी शिवला नाही," ती म्हणाली, "आणि हे टांगलेलेही नाही."

देवेंद्र धावत आला, आत चला, बसून बोलू म्हणू लागला. ती आत गेली नाही. तिनं गल्ल्यावरची कात्री उचलली आणि टांगलेल्या कुर्त्यांची लेबलं एकेक करून कापायला लागली. गिऱ्हाइकं पाहत होती, म्हणून त्याला तिचा हात धरता येईना. सगळी कापून झाल्यावर तिनं फोटो मागितला. नोकरानं तो मुकाट्यानं उतरवून दिला.

"यानंतर तुमचा एक कुर्ताबी या दुकानात येणार नाई," देवेंद्र म्हणाला.

"तेच सांगाले आली मी."

घरी येताना तिला वाटलं होतं, बाया खूश होतील. सकाळी तिनं सगळं सांगितलं तर त्या एकमेकींकडे पाहू लागल्या.

"राग बरोबर हाय तुमचा," शेवटी लीलाबाई म्हणाली. "पर काम आमचं बी गेलं. जायच्या आधी आमाले इचारलं काय?"

महिनाअखेरीला बायांपैकी दोघी दुसरीकडे कामाला लागल्या.

देवेंद्रसाठी शिवायला घेतलेले दोनशे कुर्ते तसेच पडले. दिवाळीच्या तोंडावर मोहिनीनं वर्ध्याच्या बाजारात रस्त्याकडेला टेबल मांडलं. लोक येत, हात लावत, तिकडे अर्ध्या भावात मिळते म्हणत आणि पुढे जात. एका बँकेतल्या साहेबांनी लेबल वाचलं आणि हसून विचारलं, "हे वर्ध्यातच शिवलं कशावरून? आजकाल नुसती लेबलं लावतात."

मोहिनीनं तो कुर्ता घडी करून परत ठेवला. लबाडी दुसऱ्यानं केली आणि पुरावा हिनं द्यायचा!

दुसऱ्या दिवशी तिनं पायमशीन हातगाडीवर घालून बाजारात आणली आणि टेबलाला खेटून ठेवली. लीलाबाई फुटपाथवर स्टूल टाकून अर्धवट कुर्त्यांना बाह्या जोडू लागली. लोक थांबले. कोणी कुर्ता उलटा करून पाहिला, कोणी शिवण ओढून पाहिली. लक्ष्मीपूजनापर्यंत दीडशे खपले.

लीलाबाई खुशीत होती. मोहिनी नव्हती. विचारणाऱ्या प्रत्येकाला ती दात आवळून उत्तर देत होती, आणि हातातली कात्री टेबलावर आपटत होती.

"थंड घ्या बाई," लीलाबाई मान वर न करता म्हणाली. "टेबल हाललं का माहा टाका वाकडा पडते."