चष्म्याच्या दुकानातला फीड रीडर

मित्रांनो, मी एक जुना फीड रीडर आहे. नाव ऐकून बिचकू नका, माझे काम अगदी साधे आहे. तुम्हाला आवडणाऱ्या वेबसाइट एकदा मला सांगून ठेवायच्या. मग मी रोज त्यांच्या दारी जातो, काही नवे आले आहे का ते विचारतो आणि जे मिळेल ते आणून एकाखाली एक मांडतो. ताजे असेल ते वर. हे वाच, ते सोड, असे मी सांगत नाही. कोण काय वाचतो याची तर बाहेर वाच्यताही करत नाही. या शेवटच्या गुणाचा मला फार अभिमान होता.

काही हौशी मंडळींनी नोकऱ्या सांभाळून, सुट्टीच्या दिवशी बसून मला घडवले आणि फुकट वाटून टाकले. माझा मुक्काम पडला तो चष्म्याच्या एका दुकानातल्या संगणकात. दुकानदार स्वभावाने तापट, मनाने मऊ. साऱ्या पेठेला चष्मे लावणारा हा माणूस स्वतःचा चष्मा कपाळावर चढवून दुकानभर शोधत फिरायचा.

त्यांनी मला बातम्या आणायला सांगितल्या, हवामान सांगितले, बुद्धिबळाचे डाव सांगितले. शेवटी इकडेतिकडे पाहून आणखी एक वेबसाइट जोडली. ती लाकडी खेळणी बनवणाऱ्या एका माणसाची होती. हा माणूस म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ.

वडिलांच्या माघारी दोघांनी मिळून दुकान चालवायचे ठरले होते. धाकट्याचे मन मात्र रंध्यात आणि पटाशीत. तो निघाला तेव्हा थोरला नको ते बोलून बसला. तेव्हापासून बोलणे बंद. धाकटा दूरच्या गावी खेळणी करायचा आणि त्याबद्दल लिहायचा. कुठले लाकूड चिरते, बाहुलीचे नाक का फसले, असे काहीबाही. कधी आठवड्याने लिही, कधी चार-चार महिने गप्प. त्याचे लिखाण आले की दुकानदार गिऱ्हाइकाला बसवून ठेवत आणि आधी ते वाचत. घरात कोणाला याचा पत्ता नव्हता. मीही तोंडात मूग गिळून होतो.

पुढे मला घडवणाऱ्या मंडळींचे संसार वाढले आणि माझ्याकडे पाहायला कोणी उरले नाही. वेबसाइटवाल्यांनी नवी कुलपे बसवली, माझ्याजवळ किल्ल्या जुन्याच. एकेक दार बंद होत गेले. एके दिवशी धाकट्याचेही झाले. दुकानदारांनी मला पुन्हा पुन्हा धाडून पाहिले, माउस आपटला, मला मेल्या म्हणाले. थेट भावाची वेबसाइट उघडून बघता आली असती. पण रोज आपल्या पायांनी त्या दारात जायचे, म्हणजे आपण वाट पाहतो हे कबूल करणे आले. तेवढे त्यांच्याने होईना. जेवणावरचे लक्ष उडाले, तेव्हा मुलीने कारण विचारले. नवा रीडर निवडून दे, एवढेच ते म्हणाले.

मुलगी हुशार. माझ्याकडची नावे नव्या ठिकाणी नेताना तिला शेवटचे नाव दिसले. "बाबा, हे काकांचं ना?"

"असेल," दुकानदार म्हणाले आणि काच पुसू लागले.

तिने पुढे विचारले नाही, पण कसून निवड केली. पहिला रीडर गाजलेल्या गोष्टी वर ठेवायचा. त्यात नटनट्यांच्या लग्नांखाली काका पार तळाला गेले. दुसरा भारी नीटनेटका. काही दिवस गप्प राहिलेली वेबसाइट मेली समजून तो परस्पर काढून टाकायचा. तिसरा माझ्यासारखाच सरळ होता. फक्त प्रत्येक लेखाखाली एक टाळीचे चित्र होते. ते दाबले की लिहिणाऱ्याला वाचकाचे नाव जाई. दुकानदारांनी तिथे बोटही लावणार नाही असे बजावले आणि तिसरा मोबाइलवर घेतला.

धाकट्याने सोंड अडकणाऱ्या एका लाकडी हत्तीवर लिहिले होते. दुकानदार मोबाइल डोळ्यांजवळ धरून वाचत होते, चष्मा अर्थातच कपाळावर. लेख संपला आणि अंगठा नेमका टाळीवर पडला. ती परत घेता येते का, असे त्यांनी मुलीला तीनदा विचारले. येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी अनोळखी नंबरावरून फोन आला. हातात फ्रेम आणि बारीक स्क्रू असल्याने दुकानदारांनी तो काउंटरवर ठेवून स्पीकर लावला.

"दादा, ती टाळी तुझीच ना?"

स्क्रू खाली पडला. "चुकून लागली," दुकानदार म्हणाले.

"बरं," पलीकडचा आवाज उतरला. "मला वाटलं..."

"टाळी चुकून लागली रे. वाचतो मी सगळं. पहिल्यापासून."

मग धाकटा म्हणाला, "मग एकदा तरी कळवायचंस. आपल्या घरचं कुणी वाचत नाही म्हणून मी लिहिणं बंद करणार होतो."

"बंद करू नकोस," दुकानदार कसेबसे म्हणाले. नाक ओढून त्यांनी विचारले, "त्या हत्तीची सोंड आता नीट हलते का?"

सोंडेवरून बोलणे सुरू झाले ते थांबेना. गिऱ्हाईक ताटकळले, मुलगी पाठ फिरवून डोळे पुसत राहिली.

मित्रांनो, मला आता कोणी उघडत नाही. त्याचे वाईट वाटते, नाही कसे म्हणू? माझ्यासारख्या जुन्या साधनांना लगेच मोडीत काढू नका, हे सांगणे आहेच. पण त्याहून मोठे मागणे वेगळे आहे. मी इतकी वर्षे त्या माणसाच्या दारी जाऊन त्याचा शब्द न शब्द त्याच्या भावापर्यंत पोहोचवला. तो मात्र तिकडे एकटाच लिहीत होता, कारण मला फक्त आणता येत होते, निरोप नेता येत नव्हता. तुम्हाला दोन्ही येते. कोणाचे काही मनापासून वाचलेत, तर त्याला तसे सांगा.